मोपासाँच्या हारावर फ्रायटागचा डोंगर

पॅरिसच्या 'ल गोलवा' या दैनिकात १७ फेब्रुवारी १८८४ रोजी गी द मोपासाँची एक लहानशी कथा छापून आली. शिक्षण खात्यातल्या एका कारकुनाची बायको मातिल्द मंत्र्यांकडच्या समारंभासाठी श्रीमंत मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून नेते आणि घरी येईपर्यंत तो हरवून बसते. मैत्रिणीला काही न कळू देता नवरा-बायको हुबेहूब तसा हार ३६ हजार फ्रँकला विकत घेतात, तो तिला परत करतात आणि त्या कर्जाच्या फेडीत दहा वर्षं खपतात. कर्ज फिटल्यावर एके दिवशी मातिल्दला कळतं, की मूळ हार खोट्या खड्यांचा होता, फार तर पाचशे फ्रँकचा.

'द नेकलेस' या नावाने ही कथा जगभरच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत आणि वाचनमालांत ठाण मांडून बसली आहे. तिच्याखाली एक प्रश्न बहुधा ठरलेला असतो: कथेचा क्लायमॅक्स, म्हणजे उत्कर्षबिंदू, कोणता? हार हरवल्याचं ध्यानात येतं तो क्षण, असं एक उत्तर. शेवटच्या ओळीतला उलगडा, असं दुसरं. मातिल्द आयुष्यात एकदाच राणीसारखी मिरवते ती नाचाची रात्र, असंही तिसरं उत्तर कुणी देऊ शकेल. तिन्हींच्या बाजूने तावातावाने भांडता येतं आणि भांडून हाती काही लागत नाही. यात विद्यार्थ्याच्या समजुतीचा दोष नाही. प्रश्नच दुसऱ्या घरचा आहे.

ते घर नाटकाचं. गुस्टाव फ्रायटाग हा जर्मन नाटककार आणि कादंबरीकार. १८६३ साली नाट्यतंत्रावरचं त्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं. ग्रीक शोकांतिका आणि शेक्सपिअरची नाटकं डोळ्यांपुढे ठेवून त्याने पाच अंकी गंभीर नाटकाची चाल एका पिरॅमिडसारख्या आकृतीत बसवली. प्रस्तावना, मग चढण, मग शिखर, मग उतरण आणि शेवटी सर्वनाश. शिखर नाटकाच्या मध्यावर, साधारण तिसऱ्या अंकात. तिथे नायकाचं दैव फिरतं आणि उरलेलं अर्धं नाटक तो घसरत खाली येतो. 'ज्युलियस सीझर'ला ही आकृती चपखल लागू पडते. सीझरचा खून तिसऱ्या अंकात होतो आणि पुढचे दोन अंक ब्रूटस-कॅशियसची पडझड चालते.

लघुकथा हा त्या पुस्तकाचा विषयच नव्हता. ते निघालं त्या वर्षी मोपासाँ तेरा वर्षांचा होता आणि चेखव्ह तीन. तरीही पुढे शाळकरी पुस्तकांनी हा डोंगर उचलला आणि कुठल्याही गोष्टीवर ठेवायला सुरुवात केली. ठेवताना थोडी डागडुजीही केली. सर्वनाशाच्या जागी 'निराकरण' असा सौम्य शब्द आला, कारण प्रत्येक गोष्टीत माणसं मरत नाहीत. शिखर मधून उचलून उजवीकडे सरकवलं गेलं, कारण बहुतेक गोष्टींत महत्त्वाचं काही घडतं ते शेवटाकडे. म्हणजे फ्रायटागला जे सांगायचं होतं तेवढंच नेमकं काढून टाकलं आणि आकृती त्याच्या नावाने चालू ठेवली. मोपासाँच्या हाराला हा दुसऱ्याच्या मापाचा सदरा चढवला, की उतरणच उरत नाही. उलगडा शेवटच्या वाक्यात होतो आणि कथा तिथेच कडेलोट झाल्यासारखी संपते.

आपल्याकडेही कथनाची जुनी मोजमापं नाटकातूनच आली आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी सांगितले आहेत. योगायोगाने आकडा इथेही पाचाचाच. फ्रायटागचा नायक शेवटी कोसळतो आणि भरताच्या नायकाला शेवटी फळ मिळतं, एवढा मात्र दोघांत मोठा फरक. पण दोघांच्याही मनात असलेला रसिक प्रेक्षागृहात बसलेला आहे. तो मागचं पान उलटू शकत नाही, त्याला एका बैठकीत तासन्‌तास धरून ठेवायचं आहे, म्हणून ताण हळूहळू वाढवावा लागतो आणि सोडवावाही लागतो. लघुकथेचा वाचक एकटा असतो. वीस मिनिटांत त्याचं वाचन संपतं आणि वाटलं तर तो लगेच पुन्हा पहिल्या ओळीपाशी जातो.

चेखव्हची 'कुत्रेवाली बाई' डिसेंबर १८९९मध्ये प्रसिद्ध झाली. याल्टाला हवापालटासाठी आलेला गुरोव्ह हा मॉस्कोचा संसारी, चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस तिथे भेटलेल्या आन्नाशी संबंध जोडतो. असे संबंध त्याने आधीही जोडलेले असतात. हाही विसरायला होईल या खात्रीने तो मॉस्कोला परततो आणि विसरता येत नाही म्हणून कासावीस होतो. एका रात्री क्लबातून बाहेर पडताना त्याला राहवत नाही आणि सोबतच्या अधिकाऱ्याला तो सांगू पाहतो, की याल्टाला एक विलक्षण बाई भेटली होती. अधिकारी घोडागाडीत बसतो, निघतो आणि वळून एवढंच म्हणतो, की मघाशी गुरोव्ह म्हणत होता ते खरं, मासा जरा उतरलेलाच होता.

कथा फिरते ती इथे. खून, भांडण, रहस्याचा उलगडा, यांतलं काहीच घडत नाही. शिळ्या माशाबद्दलचं एक फुटकळ वाक्य कानावर पडतं आणि गुरोव्हला आपल्या सगळ्या आयुष्याची किळस येते. डोंगराच्या आकृतीत हा मासा कुठे दाखवायचा? चढणीवर ठेवला तर त्याचं महत्त्व जातं. शिखरावर ठेवला तर हसू येतं. आणि कथेचा शेवट तर असा, की खरी अडचण आता कुठे सुरू होते आहे हे दोघांना उमगतं आणि चेखव्ह थांबतो. निराकरणाच्या रकान्यात विद्यार्थ्याने लिहायचं काय?

इथे त्याच चेखव्हच्या नावावर फिरणाऱ्या बंदुकीचाही हिशेब करून टाकावा. रंगमंचावर बंदूक दाखवली असेल तर ती उडलीच पाहिजे, या अर्थाचा सल्ला त्याने १८८९च्या एका पत्रात दिला होता आणि तो नाट्यलेखनासंबंधी होता. आज कथेच्या वर्गात तो वेदवाक्यासारखा वापरतात. खुद्द चेखव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड' या शेवटच्या नाटकात मात्र एक पात्र रायफल घेऊन येतं, दुसरं पिस्तूल दाखवतं आणि दोन्ही शस्त्रं अखेरपर्यंत मुकी राहतात.

मराठी वाचकाला हा झगडा अनोळखी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ना. सी. फडक्यांनी 'तंत्र' हा शब्द मराठी कथेच्या केंद्रस्थानी आणून ठेवला. १९३१च्या 'प्रतिभासाधन'पासून त्यांनी लेखनकलेची चर्चा नेटाने केली. वेधक आरंभ, वाढत जाणारी गुंतागुंत आणि कलाटणी देणारा शेवट या धर्तीची कथा मासिकांच्या त्या बहराच्या काळात वाचकप्रिय झाली. फडक्यांची टिंगल करण्याची नंतर फॅशन पडली, ती अन्यायाची आहे. कथा घडवावी लागते, ती आपोआप होत नाही, हे त्यांनी हजारो होतकरू लेखकांना पटवून दिलं. पण घडवण्याच्या एका पद्धतीला लोक कथेची व्याख्याच समजू लागले, तेव्हा अडचण झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने ती व्याख्या मोडली. 'सत्यकथा' मासिकाने या बदलाला बळ दिलं. माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ साली आलं. त्यातला झेल्या, धर्मा रामोशी किंवा रामा मैलकुली यांच्या गोष्टीत शिखर शोधायला निघालेला माणूस रिकाम्या हाताने परतेल. या कथा म्हणाव्यात की व्यक्तिचित्रं, हा प्रश्नसुद्धा वाचताना दुय्यम वाटतो. गाडगिळांच्या कथेत घटना मागे सरते आणि माणसाच्या मनात एकाच वेळी चाललेल्या विसंगत हालचाली पुढे येतात. मराठी समीक्षेने या साऱ्याची दखल घेतली, त्यावर ग्रंथ लिहिले. सुधा जोशींचं 'कथा : संकल्पना आणि समीक्षा' हे त्यातलं आजही हाताशी ठेवावं असं पुस्तक. तरी शाळा-कॉलेजच्या बाकांपर्यंत पोचतो तो बहुधा चढण-शिखर-उतरण हाच नकाशा. साहित्यात जुना झालेला वाद वर्गात अजून सुरूच झालेला नाही.

याचा अर्थ संज्ञा फेकून द्याव्यात असा नाही. उलट चांगली संज्ञा वाचकाला एरवी न दिसलेलं काही दाखवते. अट एकच. ती ज्या कथेच्या अडचणीतून जन्मली त्या जातीच्या कथेशी तिची गाठ घालून द्यायला हवी.

'एकात्म परिणाम' ही लघुकथेच्या चर्चेतली बहुधा सर्वांत जुनी कल्पना. एडगर अॅलन पो याने १८४२ साली नॅथनिएल हॉथॉर्नच्या कथासंग्रहाचं परीक्षण करताना ती मांडली. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत, एका बैठकीत वाचून होईल एवढीच कथेची लांबी असावी आणि तिच्यातला प्रत्येक शब्द लेखकाने आधी ठरवलेल्या एकाच परिणामाकडे नेणारा असावा, असं त्याचं म्हणणं. पो स्वतः मासिकांचा संपादक होता, मासिकांसाठी लिहून पोट भरत होता. वाचक मध्येच उठून गेला तर काय होतं हे त्याला खिशाच्या अनुभवावरून ठाऊक होतं. ही पार्श्वभूमी सांगितली, की 'एकात्म परिणाम' ही व्याख्या न राहता एका धंदेवाईक लेखकाची युक्ती होते. मग विद्यार्थी आपोआप विचारतो, की ही युक्ती प्रत्येक लेखकाने का पाळावी? हा प्रश्न त्याला पडावा म्हणूनच ती शिकवायची.

त्याच पोची १८४३मधली 'द टेल-टेल हार्ट' ही कथा एक खुनी सांगतो. आपण वेडे नाही हे तो इतक्या आवेशाने पटवत राहतो, की वाचकाचा त्याच्यावरचा विश्वास ओळीओळीला उडत जातो. याला आज 'अविश्वसनीय निवेदक' म्हणतात. ही संज्ञा शिकागोच्या वेन बूथने १९६१ साली 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथात रूढ केली. म्हणजे कथा आणि संज्ञा यांच्यात ११८ वर्षांचं अंतर. एवढा काळ वाचकांना संज्ञेवाचून ती कथा कळत होती, अंगावर काटाही येत होता. बूथची गरज पडली ती पुढच्या पायरीवर, जेव्हा निवेदक कुठे आणि किती फसवतो, आणि लेखक त्याच्या पाठीमागून वाचकाला खूण कशी करतो, हे नीट बोलायचं होतं तेव्हा.

विक्टर श्क्लोव्स्कीने १९१७ साली 'अपरिचितीकरणा'ची कल्पना मांडली तेव्हा त्याच्या उदाहरणांत टॉलस्टॉयची एक कथा होती, जिचा बराच भाग एक घोडा सांगतो. मालकी म्हणजे काय हे त्या घोड्याला उमजत नाही, त्यामुळे माणसांचा सगळा व्यवहार त्याला आणि त्याच्यामागोमाग वाचकाला विचित्र दिसू लागतो. घोडा भेटला, की कल्पना दोन मिनिटांत कळते. नुसती कल्पना सांगितली, तर ती पाठ करावी लागते.

ई. एम. फॉर्स्टरच्या सपाट आणि गोलाकार पात्रांची तर दशाच झाली. १९२७ साली केंब्रिजमधल्या व्याख्यानांत त्याने ही जोडी मांडली, ती कादंबरीसंबंधी. एका वाक्यात सांगता येईल ते सपाट पात्र, आणि आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं ते गोलाकार. सपाट पात्रांची त्याने निंदा केली नव्हती. डिकन्सची माणसं जवळजवळ सगळी सपाट आहेत आणि तरी केवढी जिवंत आहेत, हे कौतुकाने नोंदवलं होतं. उत्तरपत्रिकांत मात्र 'सपाट' म्हणजे लेखकाची चूक. हा निकष लावला तर चिं. वि. जोश्यांचा गुंड्याभाऊ नापास व्हायचा. गुंड्याभाऊ सोटा विसरून अचानक विचारमग्न झाला असता तर चिमणरावाचं आणि वाचकाचं, दोघांचंही नुकसान झालं असतं. शिवाय आठ पानांच्या कथेत चार गोलाकार माणसं मावणार कुठे?

एका संज्ञेवर मात्र जास्त वेळ घालवायला हवा, कारण तिच्याइतकी पाठ केलेली आणि तिच्याइतकी न कळलेली दुसरी नाही. ती म्हणजे आयरनी. गाइडांत तिचे तीन कप्पे असतात: शाब्दिक, प्रसंगातली आणि नाट्यात्म. प्रसंगातल्या आयरनीला उदाहरण जवळपास नेहमीच ओ. हेन्रीच्या 'गिफ्ट ऑफ द मेजाय'चं, जी १९०५च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका दैनिकाच्या रविवार आवृत्तीत आली. डेला आपले लांबसडक केस वीस डॉलरना विकून नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी आणते आणि नवऱ्याने तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले असतात. अपेक्षा एक, घडलं उलट. गोड कथा आहे. डेलाचे केस पुन्हा वाढणार आहेत.

याच्या शेजारी अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' ठेवून बघावी. वारणेकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो, उपनगरातल्या दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. एकदा राखेत सोन्याचा तुकडा सापडल्यावर तो रात्री मसणवटे धुंडाळू लागतो, पुरलेली मढी उकरतो, कोल्ह्यांशी झुंजतो. अशाच एका रात्री मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि ती तोडावी लागतात. नेमकी तेव्हाच बातमी येते, की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली. दगड फोडणारा हात आता निकामी झालेला असतो.

दोन्ही कथांच्या समोर गाइड एकच लेबल लावेल: प्रसंगातली आयरनी. व्याख्येत ते बसतंही. पण डेलाची गंमत नशिबाने केलेली आहे आणि भीमाची थट्टा करणारा कोण, हे कथा वाचकाला विचारायला लावते. खाण कुणी बंद केली, कुणी उघडली, भीमाला त्यात विचारलं कुणी? लेबल लावून झालं, की दोन गुण मिळतात आणि हे प्रश्न तिथेच राहतात. संज्ञा जिथून सुरू व्हायला हवी तिथे ती संपते, हे या शिकवण्यातलं सर्वांत मोठं नुकसान.

नाट्यात्म आयरनीचंही तेच. पोच्या 'कास्क ऑफ अमोंतिल्यादो'मध्ये माँट्रेसर हा निवेदक जुन्या अपमानाचा सूड म्हणून फॉर्च्युनाटोला उंची दारूचं आमिष दाखवून तळघरात नेतो आणि भिंतीत जिवंत चिणतो. वाचकाला कट ठाऊक असतो, बळीला नसतो. माँट्रेसर त्याच्या दीर्घायुष्यासाठी पेला उंचावतो तेव्हा वाचकही नकळत त्या कटात सामील होतो. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३च्या संग्रहातल्या शीर्षककथेतही वाचकाला ठाऊक असलेलं काही सोबतच्या पात्रांना ठाऊक नसतं. रेल्वेत नोकरीला आलेल्या दलित निवेदकाने आपली जात लपवलेली असते. इथे जास्त माहिती असण्याची मजा वाचकाला घेता येत नाही. गुपित फुटलं तर मार बसणार तो निवेदकालाच. पोच्या कथेत ज्ञान हे मारेकऱ्याचं हत्यार, बागुलांच्या कथेत ती निवेदकाच्या मानेवरची टांगती सुरी. व्याख्या एक, पण वाचकाला बसण्यासाठी दिलेली जागा पूर्ण वेगळी. या जागेबद्दल बोलणं म्हणजे कथा शिकवणं.

संज्ञा कधी सांगावी याचाही एक मुद्दा आहे आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी' ही कथा 'न्यूयॉर्कर'मध्ये २६ जून १९४८ रोजी आली. एका प्रसन्न उन्हाळी सकाळी गावकरी चौकात जमतात, चिठ्ठ्या काढतात, आणि जिच्या हाती काळ्या ठिपक्याची चिठ्ठी येते तिला दगडांनी ठेचून मारतात. त्या उन्हाळ्यात लेखिकेला तीनशेहून जास्त पत्रं आली. बरीचशी संतापाची आणि गोंधळलेली. असा प्रकार नेमका कुठे चालतो, अशी चौकशी करणारीही काही होती. कथेच्या सुरुवातीलाच मुलं खेळता खेळता गोटे गोळा करताना दिसतात. 'पूर्वसूचना' या संज्ञेसाठी याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

पण पूर्वसूचना ही दुसऱ्या वाचनाची गोष्ट आहे. पहिल्या वाचनात ते गोटे निरुपद्रवी वाटले तरच कथा साधते. शिक्षकाने तासाच्या आरंभी फळ्यावर 'पूर्वसूचना' लिहून तिची व्याख्या दिली आणि मग वाचायला सांगितलं, तर चाणाक्ष मुलगी दुसऱ्याच परिच्छेदात गोट्यांखाली रेघ मारेल. तिला उत्तर येईल, पण १९४८च्या वाचकांनी पत्रं का लिहिली हे तिला कधीच कळणार नाही. काही संज्ञा पहिल्या वाचनाच्या असतात, जसं कुतूहल, ताण, वातावरण. काही फक्त दुसऱ्या वाचनाच्या, जसं पूर्वसूचना आणि आयरनीचा मोठा भाग. सगळ्यांची एकच यादी करून ती गोष्टीआधी वाटणं म्हणजे दुसरं वाचन पहिल्याच्या आधी उरकण्याचा प्रयत्न.

राज्य मंडळाच्या बारावीच्या मराठी 'युवकभारती'त कथेसाठी वेगळा विभाग आहे, ही चांगली गोष्ट. आधी कथा या साहित्यप्रकाराचा परिचय, त्यानंतर व. पु. काळ्यांची 'शोध' आणि प्रतिमा इंगोल्यांची 'गढी'. परिचय उपयोगी आहे, तो काढायचं कारण नाही. त्याची जागा तेवढी बदलावी. दोन्ही कथा आधी वाचून घ्याव्यात, मुलांना आपल्या शब्दांत भांडू द्यावं आणि मग परिचयाकडे वळावं. पुस्तक पुन्हा छापायचीही गरज नाही, शिक्षकाने पानं उलट क्रमाने घेतली तरी भागतं.

यावर शिक्षकांचा आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात ज्या मुलाच्या घरी पुस्तकाचं कपाट नाही, त्याला बोलायला काहीतरी धरून द्यावं लागतं. 'कथानक', 'पात्रचित्रण', 'वातावरणनिर्मिती' हे शब्द त्याला तो आधार देतात. समान शब्द नसतील तर चर्चा म्हणजे 'आवडली' आणि 'नाही आवडली' यांच्यातला मतदानाचा खेळ होतो. बरोबर आहे. म्हणून सुटसुटीत असे पाच-सहा शब्द असावेतच: कोण सांगतंय, कुणाला काय ठाऊक आहे, कुठला काळ भराभर सरला आणि कुठला रेंगाळला, कुठे काय न सांगता सोडलं. फ्रेंच अभ्यासक जेरार झनेत याने १९७२ साली कथनकाळाची जी बारीक मांडणी केली तिचं सार वर्गापुरतं एवढंच आहे, आणि दहावीतल्या मुलाला ते सहज पेलतं. मोपासाँ नाचाच्या एका रात्रीवर रेंगाळतो आणि कष्टाची दहा वर्षं मोजक्या परिच्छेदांत उरकतो. हे मुलाला दाखवलं, की तो स्वतःच विचारतो, असं का केलं असेल? डोंगराच्या आकृतीतून हा प्रश्न कधी निघत नाही.

तर पहिलं काम हे, की लघुकथेच्या धड्याखालून फ्रायटागची आकृती काढावी. ती 'मॅकबेथ'च्या धड्याला द्यावी, तिथे ती शोभते. दुसरं, प्रश्न बदलावेत. 'द नेकलेस'चा क्लायमॅक्स विचारण्याऐवजी विचारावं, की हीच गोष्ट हाराच्या मालकिणीने सांगितली असती तर वाचकाला काय, कधी कळलं असतं आणि काय कधीच कळलं नसतं? त्या दहा वर्षांतलं एक सबंध पान लिहून दाखवायला सांगावं. 'स्मशानातील सोनं'बद्दल विचारावं, की खाण सुरू झाल्याची बातमी कथेत एक दिवस आधी आली असती तर कथा कुणाबद्दलची झाली असती? या प्रश्नांत एकही संज्ञा नाही. उत्तर देताना मात्र निवेदक, कथनवेग आणि आयरनी यांना चुकवून पुढे जाता येत नाही, आणि तयार गाइडातून उतरवण्यासारखंही काही सापडत नाही.

अडेल ते तपासणीपाशी. 'क्लायमॅक्स : शेवटचं वाक्य' या उत्तरावर बरोबरची खूण करायला दोन सेकंद पुरतात. हाराच्या मालकिणीची बाजू प्रत्येक मूल वेगळी लिहील आणि ती वाचावीच लागेल. त्यामुळे असा प्रश्न पत्रिकेत एकच असावा, त्याला गुण भरपूर असावेत, आणि परीक्षकाला एका दिवसात तपासायला मिळणारे गठ्ठे कमी करून प्रत्येक उत्तरपत्रिकेचं मानधन वाढवावं. मंडळाने हे आधी एखाद्या विभागात एक वर्ष करून पाहायला हरकत नाही.